लेकीच्या लग्नाची सीडी

बसण्णाच्या स्टुडिओत येणारे लोक जाताना आपली सीडी परत घेऊन जातात, पण एकेक किस्सा मागे ठेवून जातात. हुलसूरच्या बसस्टँडजवळ हे दुकान. पूर्वी मी इथं लग्नाच्या शूटिंगच्या कामाला होतो, आता नुसता बाकावर बसतो. माझ्या पिशवीत लेकीच्या लग्नाची सीडी असते. आमची मंडळी जाऊन चार वर्षं झाली. तिचा आवाज तेवढ्या सीडीवर उरलाय.

बसण्णानं नवा कंप्युटर घेतला, तर त्याला सीडी घालायला जागाच नाही. त्यानं तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला, मग विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "आता सीडी कोण बघतंय?"

बसण्णा माझ्याकडं बघत म्हणाला, "हाय एकजण. हितंच बसलाय."

मग त्यानं उदगीरहून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. जोडला, तर कंप्युटर म्हणतो ड्रायव्हर नाही. मला काही कळेना. बसण्णा म्हणाला, "नव्या सुनेला घर दाखवायला कुणीतरी लागतंय न्हवं अप्पा, तसलं असतंय ते."

ड्रायव्हर खोक्यातच सापडला. सीडीवर होता. बसण्णानं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत खोक्यात ठेवली.

शेवटी नेटवरून ड्रायव्हर उतरवला आणि ड्राइव्ह सुरू झाला. तेवढ्यात ठाणाकुशनूरहून एक अक्का आपल्या लग्नाची सीडी घेऊन आल्या. मी म्हणालो, "तुम्ही लांबून आलाव, आधी तुमची लावा."

त्यांची काही लागेना. बसण्णानं काढून पाहिली, तर चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाची बोटं!

"अक्का, ह्याच बाजूला कामून लावलाव?"

"मग काय पाठीला लावू? नवी वस्तू घरात आली की लावावंच लागतंय."

बसण्णानं फडकं ओलं केलं. अक्कांनी त्याचा हात धरला. "कुंकू पुसू नको बाबा. मालक हायत अजून."

सीडी तशीच घेऊन गेल्या. संध्याकाळ झाली होती. माझी उद्या लावू म्हणून बसण्णानं दुकान बंद केलं.

सकाळी कंप्युटरनं आपल्या मनानंच अपडेट करून घेतलेलं. ड्राइव्हच्या नावापुढं पिवळी खूण, आणि कालचा ड्रायव्हर चालेना. बसण्णानं दोन तास खटपट केली. "हा ड्राइव्ह जुन्या मॉडेलचा हाय म्हणं. आता कंपनीवाले त्याच्यासाठी नवा ड्रायव्हर काढत न्हाईत."

मी म्हणालो, "मी काल यायला पायजे होतं."

"काल तुमी हितंच होताव, अप्पा."

पुढच्या आठवड्यात एक शेतकरी आला. "बिघडलेल्या सीड्या हायत का? ज्वारीवर पाखरं बसायलीत, बांधावर टांगाव्या म्हणतो." बसण्णानं ढीगच दिला. जाताना त्याचं लक्ष माझ्या पिशवीतल्या सीडीकडं गेलं. "ही बी बिघडलीय का?"

मी पिशवी मांडीवर घेतली. "न्हाई. ही चांगली हाय. कंप्युटर बिघडलाय."

त्यानंतर बसण्णानं माळ्यावरचा, बंद पडलेला जुना कंप्युटर उतरवला. तीन दिवस पुसून, तारा जोडून तो चालू केला. त्या कंप्युटरनं माझी सीडी घेतली. चित्र आलं. जात्यावर हळद दळायला बायका बसल्यात, मध्ये आमची मंडळी. ओवी म्हणायलीय. ओठ हलतात, आवाज नाही.

"आवाजाचा ड्रायव्हर उडालाय, अप्पा. ह्याच्यासाठी कुठंच मिळंना." पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावं, तर तोही त्याला ओळखू येईना.

"राहू दे," मी म्हणालो. "चालू दे तसंच."

दळता दळता तिनं मान वर केली आणि सरळ आमच्याकडं बघून काहीतरी बोलली. त्या लग्नात शूटिंगचा लाईट मीच धरला होता.

"काय म्हणल्या असतील?" बसण्णानं हळूच विचारलं.

"लाईट खाली घ्या की, डोळ्यात जायलाय."

आणि मी हात खाली घेतला.