अक्काला न विचारलेलं

हे मी आजवर कुणापाशी पुरतं बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि आता तीही नाही. संध्याकाळी घरात माझाच खोकला तेवढा ऐकू येतो. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी मुंबईच्या रेडिओवर मुलाखती घ्यायचो. ते काम तेव्हा नवंच होतं, आणि मला एक युक्ती साधली होती. समोरच्याचं उत्तर संपलं की पुढचा प्रश्न विचारायचा नाही. नुसतं बघत राहायचं. ती शांतता माणसाला सोसत नाही. तो आणखी काहीतरी बोलतो — आणि नेमकं तेच खरं असतं. किती सोपं, नाही?

नरसाक्का आमच्या सोलापूरची, भवानी पेठेतली. नवरा वारल्यावर तिनं एकटीनं माग चालवून लेक वाढवली, असं सगळी पेठ म्हणायची. आई गेल्यावर मी तिच्याच हातचं जेवून मोठा झालो. विणकर बायांच्या कार्यक्रमासाठी मीच तिला मुंबईला आणलं. तालमीत नवऱ्याचा विषय निघाला, तशी ती हळूच म्हणाली, "त्यो मेला न्हाई रे. भिवंडीत दुसरीसंगं राहतोय. मेला म्हणून मीच सांगितलं लोकांना. तेवढं इचारू नको. पोरीचं लगीन ठरलंय."

"नाही विचारणार, अक्का."

आणि नाहीच विचारलं. "एकटीनं माग कसा चालवला?" एवढंच म्हणालो. "चालवला की, देवाच्या दयेनं," ती म्हणाली. मी — गप्प. तिच्या डोळ्यांत बघत. ती पदर चाचपू लागली. सूत, रंग, काठ... विचारायला काय कमी होतं? पण मला ते हवं होतं. कळतंय ना तुम्हाला? हवं होतं. शेवटी तिनं सांगून टाकलं — मायक्रोफोन विसरून, मला एकट्यालाच सांगावं तसं.

कार्यक्रम थेटच जात होता. सोलापुरात तेव्हा रेडिओ चार-दोन ठिकाणीच. तिचा आवाज ऐकायला अर्धी पेठ सुताच्या एका दुकानात जमली होती. लेकही.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. पुढं सोलापूरला गेलो, तर लग्न मोडलेलं. नवऱ्या मुलाच्या बापानं मला अक्काच्याच दारात गाठलं. "तुमीच बोलायला लावलं न्हवं तिला?"

"मी विचारलंच नव्हतं," मी म्हणालो. "त्या आपण होऊन बोलल्या."

नरसाक्का उंबऱ्यात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मग त्यांना म्हणाली, "व्हय. त्यानं न्हाई इचारलं. माझीच जीभ घसरली."

मी ते तसंच राहू दिलं.

मायलेकी पेठ सोडून गेल्या. कुठं, ते मी कधी शोधलं नाही. पुढं नव्या मुलांना मुलाखत शिकवायचो, तेव्हा हाच प्रसंग सांगायचो — तिचं नाव गाळून, माझं ठेवून. मुलं माना डोलवायची. आणि मला बरं वाटायचं.