परग्रहवासीयाचे डोके, नग एक

आमच्या कारखान्यात लेथखाली लोखंडाचा बुरा साचायचा. संध्याकाळी झाडून काढला, तरी दुसऱ्या दिवशी ढीग पुन्हा तेवढाच! आमच्या सिनेमाच्या किश्शांचं तसंच झालंय. नव्वदच्या दशकात नागापूर एमआयडीसीतल्या आम्ही चार-सहा जणांनी मिळून एक व्हिडिओ सिनेमा काढला. परग्रहावरून तबकडी येते आणि नगरवर हल्ला होतो, अशी गोष्ट. काढला भीतिपट म्हणून, पण त्याला भ्यालेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आजही आमच्यातले दोघं-तिघं भेटले की कुणीतरी म्हणतं, "वैजूताई, तो परातीचा सांगा ना!" आणि चहा गार होतो.

मी तेव्हा स्टोअरमध्ये क्लार्क होते. आलेला माल लिहायचा, गेलेला माल लिहायचा. घर सावेडीला, जायला-यायला लुना. या सिनेमात मी शास्त्रज्ञ झाले, ते एवढ्याचसाठी की आमच्यात चष्मा फक्त मला होता!

* * *

दिग्दर्शक सुधाकर. सावेडीतच राहायचा, लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. लग्नसराई संपली की त्याच्या जिवाची तगमग सुरू. "ताई, कॅमेरा कपाटात बसून आंबतो हो!" व्हिडिओ लायब्ररीतून कुठलीशी इंग्रजी कॅसेट आणून त्यानं ती चार वेळा पाहिली आणि पाचव्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये येऊन जाहीर केलं, "त्यांच्याकडे परग्रहवासी उतरतात, मग आपल्याकडे का नाही? आपल्याकडे तर उतरायला जागा जास्त आहे!"

जागा बघायला आम्ही एमआयडीसीच्या मागच्या माळावर गेलो. लाल-करडी माती, जिकडे तिकडे दगड, हिरवं म्हणाल तर पान नाही. सुधाकर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वा! नुसता मंगळ आहे मंगळ! सेट लावायची गरजच नाही!"

बांधावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, रंगनाथकाका. त्यांनी शांतपणे विचारलं, "कोन मंगळ?"

"हा सगळा पट्टा, काका."

"आवो, ही माझी बाजरी हाय," काका म्हणाले. "उगवायची हाय अजून."

तरीही त्यांनी आम्हाला रान दिलं. वर चित्रीकरणाला त्यांचं घरही दिलं आणि रोज काकूंच्या हातचा चहा. ओळख ना पाळख! इतक्या सहज कुणी कुणाला काही देतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

* * *

परग्रहवासी झाला गौतम, आमच्याकडचा वेल्डर. सहा फूट उंच, बोलणं मोजून-मापून. गाव जामखेडकडचं. वडील तो लहान असतानाच गेले. आई सरूबाई, तिनं लोकांच्या रानात खुरपून त्याला आयटीआयला घातलं.

गौतमची एक खोड होती. शिफ्ट संपली की सेफ्टी शूज काढायचे, एकमेकांवर दोनदा आपटायचे आणि तोंड खाली करून भिंतीला टेकवून ठेवायचे. रोज! फोरमन पठारेसाहेब एकदा म्हणाले, "अरे बाबा, या सिमेंटच्या फरशीवर विंचू कुठून येणार?"

"इच्चू न्हाई येत साहेब," गौतम म्हणाला. "पन आईनं सांगितलंय."

पठारेसाहेबांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

* * *

परग्रहवासीयाचं डोकं गौतमनं स्वतःच बनवलं. भंगारातला पत्रा, दोन बॉयलरच्या काचा, वर स्प्रिंगच्या दोन शिंगांसारख्या अँटेना. घातलं की चेहरा पूर्ण झाकला जायचा. खाली चंदेरी कपडे आणि पायांत गमबूट. पठारेसाहेबांनी रविवारी वेल्डिंग सेट वापरू दिला, पण नियमाचा माणूस! डोकं गेटबाहेर नेताना म्हणाले, "गेटपास कुठाय?"

गेटपास करणार कोण? मीच. मी इमानदारीत लिहिलं, 'परग्रहवासीयाचे डोके, नग एक. परत येणार.' साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि सही केली.

आमच्याकडे पद्धत अशी की परत येणारा माल महिन्यात आला नाही, तर स्टोअरनं स्मरणपत्र काढायचं. मी काढलं. ते नोटीस बोर्डावर लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो गौतमला गाठून विचारायला लागला, "काय रे, डोकं कधी परत येणार तुझं?"

* * *

सुधाकरनं जन्मभर लग्नं शूट केलेली. त्याचा हात दुसऱ्या कशाला वळायचाच नाही. पहिल्याच दिवशी तबकडीतून गौतम उतरला, हातात वेल्डिंगची बंदूक, आणि सुधाकर ओरडला, "जरा इकडे बघा! हसा थोडं!"

मग गावकरी घाबरून पळतात तो सीन. रंगनाथकाकांच्या वस्तीवरचे वीसेक लोक जीव खाऊन पळाले. सुधाकरनं हात वर केला. "थांबा, थांबा! असं घोळक्यानं नाही. एकेक जोडी करून पळा. सगळ्यांचे चेहरे आले पाहिजेत, नाहीतर लोक रुसतात!" मग काय, काका-काकू आधी पळाले, त्यांच्यामागून भाऊ-भावजय. पळताना कॅमेऱ्यासमोर क्षणभर थांबून नमस्कारही केला!

तबकडी म्हणजे मंडपवाल्याच्या दोन पराती, एकीवर एक पालथी घातलेली. नायलॉनच्या दोरीनं टांगली होती. ती आकाशातून गरगरत येते, भयानक संगीत वाजतं आणि परातीच्या कडेवर रंगवलेलं मंडपवाल्याचं नाव, गाव आणि 'भांडी भाड्याने मिळतील' हे स्पष्ट वाचता येतं. मंडपवाला इतका खूश झाला की त्यानं आणखी दोन पराती पाठवल्या. "अजून एक तबकडी उतरवा की!"

मिक्सिंगला तर सुधाकरनं कमालच केली. नगर शहर बेचिराख होतं, ते बदामाच्या आकाराच्या चौकटीत. वरून गुलाबाच्या पाकळ्या!

मी म्हटलं, "सुधाकर, अरे यातलं काही काप तरी."

"ताई, कापायचं नाही," तो गंभीर होऊन म्हणाला. "शूट झालेलं काही कापायचं नसतं. कुणाचं काय त्यात असेल, आपल्याला काय माहीत?"

त्या वेळी मी कपाळावर हात मारला होता. आज त्या वाक्याला हात जोडते.

* * *

सगळ्यात भयंकर सीन म्हणजे परग्रहवासी शास्त्रज्ञाच्या घरात घुसतो. घर रंगनाथकाकांचं. मी आत टेस्ट ट्यूब धरून उभी, म्हणजे काकूंची औषधाची बाटली. सुधाकर बाहेर कॅमेरा लावून. परग्रहवासी आत येताना दिसला की मी किंचाळायचं, असं ठरलेलं.

गौतम आत आला. चंदेरी अंग, पत्र्याचं डोकं, हातात बंदूक. मी तोंड उघडलं आणि माझं लक्ष खाली गेलं. पायांत गमबूट नव्हते. अनवाणी! मी किंचाळायच्या ऐवजी खो-खो हसले. नंतर सुधाकरनं ती किंकाळी वेगळी भरली.

तो चिडून आत आला. "अरे, बूट का काढलेस?"

डोक्याच्या आतून गौतमचा आवाज आला, "काकूनं आत्ताच सारवलंय."

"अरे, तू पृथ्वी नष्ट करायला आलायस!"

"करतो की," गौतम म्हणाला. "जरा वाळू द्या."

पुन्हा घ्यायचं म्हटलं, तर बॅटरी संपलेली. राहिलं ते तसंच राहिलं.

* * *

आता एक किस्सा असा, की तो सांगताना मी हसत नाही.

शेवटच्या सीनमध्ये परग्रहवासी मरतो, डोकं गळून पडतं आणि आतला चेहरा दिसतो. अख्ख्या सिनेमात गौतमचा चेहरा दिसणार, तो तेवढाच. सीन छान झाला होता. पण लग्नसराई लागली, गडबडीत सुधाकरनं तीच कॅसेट दुसऱ्या कामाला घातली आणि गौतमचा चेहरा कुणाच्या तरी हळदीखाली कायमचा गेला.

सुधाकर रडवेला होऊन आला. "ताई, डोकं काढा, उद्या पुन्हा शूट करू."

डोकं? डोकं परत आल्यावर मीच नियमाप्रमाणे जमा करून घेतलं होतं आणि पुढच्या आठवड्यात भंगारात काढलं होतं. त्याचे तुकडे होऊन ते कधीच गेलं होतं. माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीनं!

गौतमला सांगितलं, तर त्यानं हातातली वेल्डिंगची काच खाली ठेवली. मग म्हणाला, "ताई, आईनं साऱ्या वस्तीत सांगितलंय, माझा लेक शिनेमात हाय म्हनून. आमचे तात्या हायेत, शेजारचे. ते नळावर चारचौघांत तिला म्हनले, पोरगं तिकडं हमाली करत आसंल, तुला फशिवतंय. आई म्हनली, शिनेमा वस्तीत आनून दावते." तो थांबला. "माझं काय न्हाई. पन आई खोटी पडंल."

मी म्हटलं, "अरे, नामावलीत नाव आहे तुझं."

"तात्या म्हनतील, नाव कुनाचंबी लिवता येतं."

* * *

वस्तीतला खेळ ठरला होता तो ठरलाच होता. एका रविवारी दुपारी टीव्ही आणि व्हीसीआर टेम्पोत घालून आम्ही गौतमच्या वस्तीवर गेलो. समाजमंदिरात सतरंज्या अंथरलेल्या, खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केलेला. सगळी वस्ती जमली होती. सरूबाई सर्वांत पुढे, धुवट नऊवारीत, ताठ बसलेली. तिनं मला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं. गौतम मात्र आत आलाच नाही, दाराशीच उभा राहिला.

सिनेमा सुरू झाला. पराती आल्या, पाकळ्या आल्या, जोड्या-जोड्यांनी पळणारी माणसं आली. लोक पोट धरधरून हसत होते. अर्धा तास झाला. मागून तात्यांचा आवाज आला, "सरू, कुठाय गं तुजा गौतम? मला तर नुस्तं डबडं दिसतंय!"

सगळे पुन्हा हसले. सरूबाई पडद्याकडेच बघत राहिली. माझा हात तिच्या हातात होता आणि मला माझी ती भंगाराची सही आठवत होती. माई, चूक माझी आहे, असं दोनदा तोंडावर आलं. दोन्ही वेळा धीर झाला नाही.

तेवढ्यात तो सीन लागला. मी शूटिंगच्या वेळी घराच्या आत होते. मिक्सिंगच्या वेळीही हा भाग पाहिला नव्हता; बाहेर काय झालं, ते मीही पहिल्यांदाच बघत होते.

परग्रहवासी अंगणात आला. संगीत थांबलं. तो दाराशी थबकला, खाली वाकला आणि एक गमबूट काढला. मग दुसरा. हसण्याचा गलका झाला. मग त्यानं दोन्ही बूट हातात घेतले, एकमेकांवर आपटले, एकदा, दोनदा, आणि तोंड खाली करून भिंतीला टेकवून ठेवले.

माझ्या हातातला हात सुटला.

पडद्यावर तो आत घुसला, सुधाकरनं भरलेली ती किंकाळी फुटली आणि समाजमंदिरातली बारकी पोरं खरोखरच घाबरून आयांना बिलगली. एकानं तर भोकाड पसरलं.

सरूबाई उठली. टीव्हीकडे पाठ करून सगळ्या वस्तीसमोर उभी राहिली. आधी तात्यांकडे बघितलं, मग पोरांकडे.

"भिऊ नगा रं," ती म्हणाली. "माझा गौतम हाय त्यो."