सोडायचं का?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या संकुलात लहान मूल एकटं गेटबाहेर निघालं की पालकाच्या मोबाइलवर प्रश्न येतो : सोडायचं का? 'हो' दाबल्याशिवाय वॉचमन सोडत नाही. ॲपमध्ये ज्येष्ठांसाठी वेगळा रकाना नाही. गेल्या वर्षी मी आईचं नाव मुलांच्या रकान्यात घातलं.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दर गुरुवारी ती डोंबिवलीला, मानपाड्याच्या आमच्या जुन्या शेजारणीकडे जायची. शेजारीण अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, केस कमरेपर्यंत. तेल लावून, गुंता सोडवून वेणी घालायला तासभर जायचा. तिच्या सुनेला नोकरीमुळे तेवढा वेळ नव्हता. एका गुरुवारी आईचा फोन बंद पडला, ती अंधार पडल्यावर परतली. आम्ही घाबरलो. ॲपमधली नोंद त्याच संध्याकाळची.

बाबा ठाण्याऐवजी दिवा स्टेशनवर उतरून तासन्‌तास बाकावर बसून राहिले होते, तेही दोनदा. त्यांचं नाव घालावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही.

पुढच्या गुरुवारी मी मीटिंगमध्ये होतो. प्रश्न येऊन चाळीस मिनिटं झाल्यावर मोबाइल पाहिला. गेटवर काय झालं ते वॉचमनने नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "आजी, साहेबांचं हो आलेलं नाय अजून."

"साहेबाचा शेंबूड मी पुसलाय रे. उघड."

त्याने उघडलं नाही.

त्यानंतर ती एकटी गेटवर गेली नाही. बाबा बरोबर असले की विचारणा होत नाही, हे तिच्या लक्षात आलं. ती त्यांना सोबत नेऊ लागली. कुठे उतरायचं, रिक्षा कुठून धरायची, सगळं तीच सांगे. गेटमधून मात्र त्यांच्या मागून निघे.

मागच्या महिन्यात सलग तीन गुरुवार बाबा तिच्याबरोबर जायला उठले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी मी घरी होतो.

"गुडघा दुखतोय," बाबा म्हणाले.

"मी हो दाबतो. तू जा," मी आईला म्हणालो.

"तुझं हो नकोय मला. नाव काढ त्यातून."

"अरे, काढू नकोस. रोजच जाईल ही," बाबा हसले.

मोबाइल माझ्या हातातच होता. "बघू," म्हणालो आणि तो टेबलावर ठेवला.

आईने मानपाड्याला फोन लावला. शेजारणीच्या सुनेला म्हणाली, "अगं, आता कापूनच टाक तिचे केस. माझी वाट बघू नकोस."