आधी सांगा, मग लिहितो

“आधी सांगा, मग लिहितो,” असं म्हणून मुन्शीजी कलम कानावर ठेवत आणि माझं डोकं तापायला लागे.

निजामाच्या राजवटीत कचेरीचे सगळे कागद उर्दूत. परभणीच्या कचेरीसमोर मुन्शीजी ते लिहून देत आणि शेजारी बसून मी स्टॅम्पचे कागद विकत असे. वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, लिहायला कुणी आला की यांचं प्रवचन सुरू. शब्द अरबी. मूळ अर्थ जोडणं, मग ताकीद देणं. जाणाऱ्यानं आपलं मन मागे राहणाऱ्यांशी जोडून घ्यायचं, तेही त्यांच्यासमोर तोंडानं सांगून. जमीनजुमला नंतर. तुम्हीच सांगा, पालमहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आलेल्या माणसाला हे ऐकवायचं? एका म्हाताऱ्याला तर ते इतकं पटलं, की वसीयत सोडून तो सुनेशी अबोला मोडायला घरी गेला. माझा कागद तेवढा परत आला.

पुढं राणीसावरगावचा एक म्हातारा मुलाला घेऊन आला. मुलगा बैल सोडायला गेला, तसा तो घाईनं मुन्शीजींच्या कानाशी लागला. “मळा गोदीचा. माज्या लेकीचा. तिचा नवरा गेलाय, भाऊ तिला ठिवून घ्यायचा न्हाई. लिवा.”

मळा त्याच्या स्वतःच्या कमाईचा. कागद झाला नाही तर सगळं मुलाचंच. मी कागद पुढे सरकवला. मुन्शीजींनी कलम कानावर ठेवलं आणि मुलासमोर सांगा म्हणाले. मुलगा आला. म्हाताऱ्याच्या तोंडातून शब्द फुटेना. तसाच परत गेला आणि पेरणीआधीच वारला.

मी मुन्शीजींशी बोलणं टाकलं.

सुगीत गोदी आली. भावानं तिला घराबाहेर काढलं होतं. मळ्याचं तिनं विचारलंच नाही.

“आबानं माझं नाव घेतलं व्हतं का?”

“घेतलं होतं, बेटा,” मुन्शीजी खाली बघत म्हणाले. “मळा गोदीचा, म्हणाले. मीच लिहिलं नाही.”

“मंग तुमाला तर सांगितलं व्हतं की. तुमी का न्हाई सांगितलं कुनाला?”

 ती निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची चटई रिकामी. मनातलं सगळं एकदा सुनावावं म्हणून मी त्यांच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाला, मुन्शीजी राणीसावरगावला गेलेत, चावडीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, मळा गोदीचा.

आता सांगून काय उपयोग, असं ओरडावंसं वाटलं. मळा भावाकडेच राहिला. मुन्शीजी परत आले नाहीत.