खिडकीचा गज

अंबुबाईंच्या घरात दिवा लावायची एक रीत होती. आधी परसात जाऊन हातपाय धुवायचे, ओल्या हातानंच पदर डोक्यावर ओढायचा आणि मग पितळी बटण खाली पाडायचं. दिवा लागला की त्याला हात जोडायचे. चिंचवडच्या त्या आळीत बायका अजूनही विजेच्या दिव्याला असाच नमस्कार करत. पण पुढचं कुणाला ठाऊक नव्हतं. अंबुबाई खिडकीच्या मधल्या गजाला बोटं टेकवायच्या आणि वाट बघायच्या.

कधी काहीच होत नसे. पण भुई नुकती सारवलेली असली, पायाखाली ओल असली, की गजातून बारीक झिणझिणी निघे आणि मनगटापर्यंत चढे, मुंग्यांची रांग चालावी तशी.

"आलात व्हय?" अंबुबाई हळूच विचारत.

नवऱ्याला, सयाजींना, जाऊन तीन वर्षं होत आली होती. वीज कंपनीच्या तारांच्या टोळीतला, खांबावर चढणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी गावात वीज आली तेव्हा आळीतला पहिला दिवा त्यांनी स्वतःच्या घरात स्वतःच्या हातानं लावला होता. लाकडी पट्ट्यांना रंधा मारला, त्यांत वायरी बसवल्या, खिडकीच्या चौकटीला धरून वर आढ्यापर्यंत नेल्या. अंबुबाईंचे वडील निघोज्याहून बैलगाडी जुंपून दिवा बघायला आले, ते चपला बाहेर काढून देवळात बसावं तसे दिव्याखाली बसले. पोरबाळ झालं नाही. लोक कुजबुजले की सयाजी हसून म्हणायचे, "वंशाचा नसंना, खोलीचा तरी दिवा हाय की."

ते गेल्यावर घरात आवाज उरला तो फक्त भांड्यांचा. आणि गजातली ती झिणझिणी. ओल्या भुईवर ती येते हे ध्यानात आल्यापासून अंबुबाई आठवड्याचं सारवण दिवसाआड करू लागल्या.

"एवढं काय सारवता मावशी? घर आहे का देऊळ?" शेजारची भागूबाई चेष्टा करायची.

भागूबाई बीडकडची. नवरा ज्योतीराम पिंपरीच्या कारखान्यात लागला, म्हणून दोघं शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायला आली होती. अंबुबाईंचे गुडघे धरलेले, तेव्हा विहिरीवरून त्यांची घागर भागूबाईच आणायची. वहाणा उंबऱ्याबाहेर काढून आत यायची, घागर ठेवायची आणि घटकाभर बसून आळीतल्या साऱ्यांच्या नकला करून दाखवायची. दिवसभरात अंबुबाईंशी बोलणारं जिवंत माणूस ते एवढंच.

त्या दिवशी सारवण अगदी ताजं होतं. कमरेवरची घागर हिंदकळली, शेणावरून भागूबाईचा पाय सरकला आणि तोल सावरायला तिनं गज धरला.

घागर आधी आपटली, मग भागूबाई. गज धरलेला हात दुसऱ्या हातानं चोळत ती मागं सरकली.

"मावशी, काय आहे तुमच्या खिडकीत?"

अंबुबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आमचं मालक हायेत. काय करीत न्हाईत ते कुणाला."

भागूबाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग घागर उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून घागर बाहेरच्या पायरीवर राहू लागली. "पाणी ठेवलंय, मावशी." एवढंच, आणि चालली. अंबुबाई घागर ओढत आत आणायच्या. सारवण चालूच होतं. झिणझिणीही येत होती. पण आता विचारलं तर घरात आपलाच आवाज घुमतोय असं त्यांना वाटायला लागलं.

सुट्टीच्या दिवशी ज्योतीराम कारखान्यातल्या वायरमनला घेऊन आला. मुरारी नाव, कोकणातला. भागूबाई मागं होती, पण पायरीवरच थांबली.

अंबुबाई खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "माझ्या मालकाच्या हातचं काम हाय. हात लावायचा न्हाई."

"नाही लावत काकी. नुसता बघतो. पण तुम्ही आधी तिथून बाजूला व्हा बघू."

त्यानं परसातल्या ओल्या मातीत पहार ठोकली. सोबत आणलेल्या होल्डरमधल्या एका दिव्याला दोन वायरी जोडलेल्या होत्या. एकीचं टोक पहारीला बांधलं, दुसरीचं गजाला टेकवलं. दिव्यातली तार विडीच्या टोकाएवढी लाल झाली.

अंबुबाई त्या लालीकडं बघत राहिल्या.

"वायरीवरचं रबर सुकून गळलंय," मुरारी म्हणाला. "आत तांबं उघडं पडलंय, ते पट्टीच्या खिळ्याला टेकतं. खिळा चौकटीत आणि चौकटीत गज."

"म्हंजी खिळा चुकला त्यांचा?"

"खिळा बरोबर जागी आहे. असं काम आता कुणी करत नाही. वायर म्हातारी झाली, एवढंच. आज मुंग्या येतात. पावसाळ्यात भिंत भिजली आणि तुम्ही ओल्या पायांनी गज धरलात, तर हात सुटायचा नाही."

"न्हाई सुटला तर न्हाई सुटला."

  पायरीवरून भागूबाई बोलली.

"आणि सकाळी पाणी घेऊन कोण येतं? मीच ना? तुम्हाला तसं बघून मी काय पायरीवर उभी राहीन? धरून ओढीनच की. मग मीबी चिकटीन तिथंच."

"तू तर आत येत न्हाईस आता."

"तवा आले असते."

अंबुबाई खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "पट्ट्या तेवढ्या ऱ्हाऊ दे, बाबा."

"पट्ट्यांना काय झालंय? सागवान आहे. त्यातच नव्या वायरी घालू."

जुन्या वायरी ओढताना रबराचा नुसता भुगा पडला. अंबुबाईंनी तो केरसुणीनं गोळा केला, पण टाकायला उठल्या नाहीत. परसात मुरारीनं खड्डा खणून लोखंडी नळी पुरली. भोवती कोळसा आणि मीठ घालायचं म्हटल्यावर चुलीतले विझलेले कोळसे आणि मिठाचं मडकं अंबुबाईंनीच आणून दिलं. नळीपासून एक तार गजापर्यंत आली.

"आता कधी काही सांडलंच, तर ते या वाटेनं मातीत जाईल. तुमच्या अंगातून नाही. पण खड्डा ओला राहायला हवा. रोज तांब्याभर पाणी घालत जा."

ती माणसं गेली. दिवस कलला तेव्हा अंबुबाईंनी सारवण केलं. सवय होती. हातपाय धुतले, पदर घेतला, बटण पाडलं. दिवा पहिल्यापेक्षा लख्ख लागला. त्यांनी हात जोडले.

उंबऱ्याबाहेर भागूबाई संध्याकाळची घागर घेऊन उभी होती.

"आधी तुम्ही हात लावा, मावशी."

अंबुबाईंनी ओल्या भुईवर पाय रोवले आणि मधला गज मुठीत धरला. लोखंड होतं. गार.

"काय होतंय का?"

"न्हाई."

"खरंच काही नाही?"

"काय बी न्हाई आता."

भागूबाईनं वहाणा काढल्या आणि सारवणावरून जपून पावलं टाकत आत आली. घागर जागेवर ठेवली, बसली. नक्कल सुरू करायला म्हणून तिनं वर बघितलं.

अंबुबाईंचा हात अजून गजावरच होता.