बसलं काय?

तिसऱ्या दिवशी जारच्या तळाशी बोटभर पांढुरका थर दिसला.

आमच्या मायक्रोबायोलॉजी लॅबचे किस्सेही असेच थर होऊन जमतात. कोणी मुद्दाम टाकत नाही, पण चार दिवसांनी बघावं तर तळाशी हा थर!

माझा प्रोजेक्ट होता जवाची बियर. रीतसर परवानगीचा कागद दारावर चिकटवलेला. थर दिसताच मी धावत सरांकडे गेले. "सर, बियर मेली!"

सरांनी जार उजेडात पाहिला. "मेलं नाही काही. यीस्टनं काम केलं, दमलं, खाली बसलं. आता तूबी बस!"

*

जारच्या नळीतून अधूनमधून 'बुडुक' व्हायचं. दर बुडुकला मी दचकायची. दोन टेस्ट ट्यूब फुटल्या.

लॅब सांभाळणारे रहीमचाचा म्हणाले, "कायले भेतं बेटा? डकार देऊन राह्यला तो. हजम झालं त्याले!"

*

तेव्हापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, "बसलं काय?"

एकदा आसेगावच्या एसटीत प्रोजेक्टमधल्या पार्टनर पल्लवीचा फोन आला. मी आपली सांगतेय, "काल बियर अर्धीच बसली गं. आज सर आले की पूर्ण बसते."

शेजारच्या मावशींनी आपल्या लेकीला उठवलं आणि पार मागच्या सीटवर नेऊन बसवलं!

*

जार हलला की गाळ वर येतो, हे कळल्यावर चाचांनी स्वतःच पाटी लिहून लावली : 'हात लावू नये. बसून राह्यलं आहे.'

प्राचार्य राउंडला आले. पाटी वाचली, चष्मा काढला. "कोण?"

आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो!

*

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी टेबलावर पाल पडली. मी किंचाळून मागे सरले, टेबलाला धक्का बसला आणि दहा दिवसांचा गाळ ढवळून वर! बियर नुसती ताकासारखी. सकाळी बाहेरचे परीक्षक येणार, त्यांना नितळ नमुना दाखवायचा. नाहीतर प्रोजेक्ट गेला!

फ्रिजमध्ये ठेवू की तशीच राहू देऊ? सरांना विचारावं तर सर रजेवर. त्यांचं लग्न जमत होतं, रिठदला मुलगी पाहायला गेले होते.

फोन केला. उचलला नाही. परत केला. सात वेळा केला!

"पुन्ना लाव," चाचा म्हणाले. "सोयरीक काय पळून राह्यली?"

आठव्यांदा उचलला. मी एका दमात सुरू, "सर, काल आपली बियर किती छान बसली होती! आज माझ्याच्यानं बसतच नाहीये! तुम्ही या ना, उद्यापर्यंत कसंही करून बसवायचंच आहे!"

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सर पोहे खाऊन राह्यले, बाई. मी मुलीचा बाप बोलतो. काल कोण कोण बसलं होतं?"