सात कुंडे

आमच्या संस्थानाचा भूगोल बत्तीस पानांचा होता आणि तो माझ्या वडिलांनी लिहिला होता. तिसरीच्या वर्गाला तो लागायचा. हिंदुस्थान कुठे आहे ते चौथीत, इंग्लंड कुठे आहे तेही चौथीत. तिसरीत फक्त आमचं संस्थान. राजधानी, राजवाडा, नदीकाठचं घाटांचं गाव, पूर्वेकडचा माळ आणि शेवटी, सत्ताविसाव्या पानावर, गड. 'गडाच्या वाटेवर सात कुंडे असून ती बारमाही पाण्याने भरलेली असतात.' हे वाक्य म्हणताना मी एकदा 'बारमाही' विसरले, तेव्हा अण्णांनी मला, स्वतःच्या मुलीला, भर वर्गात छडी मारली होती. डाव्या हाताच्या बोटांवर. अजूनही तो शब्द कुणी उच्चारला की माझी बोटं आपोआप मिटतात.

अण्णा मूळचे उंब्रजकडच्या शेतकरी घरातले. एक भाऊ उसात, एक पलटणीत, आणि हे शाळेत रमले म्हणून संस्थानात मास्तर झाले. वर्गात छापल्यासारखं पुस्तकी बोलायचे आणि उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की गावचं. संस्थानाविषयी कुणी वाकडा शब्द काढलेला त्यांना खपत नसे. गंमत अशी की राजधानी सोडली तर ते संस्थान त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. ते होतं तीन तुकड्यांत, साताऱ्याच्या खाली एक, सांगलीच्या अंगाला एक आणि वडूजच्या पलीकडे एक, आणि मधे सगळा खालसा मुलूख, म्हणजे इंग्रजांचा. मास्तराला एवढी भटकंती कुठून परवडणार? अण्णांनी दप्तरखान्यात बसून, मोडीतले जुने कागद वाचून पुस्तक लिहिलं. ते छापून आलं तेव्हा देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं, असं आई सांगायची.

स्वातंत्र्य आलं त्या पावसाळ्यात अण्णा दारांच्या चौकटींवर आपटायला लागले. मी त्यांना मिरजेला घेऊन गेले. माझा नवरा पलटणीत होता, मी माहेरीच राहून मुलींच्या शाळेत शिकवत होते, तेव्हा नेणार मीच. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. अंधार कडेकडेने आत येतोय, मधे एक भोक उरलंय, तेही बुजेल. औषध नाही. अण्णांनी एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"होळीपर्यंत धरा," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, "पोरी, मला माजा भूगोल दाव."

दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही निघालो. दशम्यांचं गाठोडं, फिरकीचा तांब्या आणि अण्णांच्या कोटाच्या खिशात ती बत्तीस पानं. आधी घाटांचं गाव. अण्णांना समोरचं दिसायचं, पण फुंकणीतून बघावं तेवढंच. मग मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरायचे आणि फोटोवाला वळवतो तसं हळूहळू वळवायचे. हा घाट. ही दीपमाळ. हे देऊळ, याचा कळस वर आहे, मान उचला. ते आधी पुस्तकातलं वाक्य म्हणायचे आणि मग बघायचे. 'येथे नदी पूर्वेकडे वळण घेते.' मी डोकं वळवलं. नदीने खरंच वळण घेतलं होतं. "घेतलं की गं!" अण्णा ओरडले. नदीने त्यांचं ऐकलं म्हणून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका आमच्याकडे बघून हसल्या. मलाही हसू आलं.

हद्दीवर जकातीचा नाका होता. तिथला कारकून गाठोड्यात हात घालणार, तेवढ्यात त्याने अण्णांना ओळखलं. "गुर्जी!" म्हणत उठला, पायांवर डोकं ठेवलं. कुठे चाललात विचारलं आणि गडावर म्हटल्यावर त्या मिशीवाल्या बाप्याने हाताची घडी घातली नि सुरात सुरू केलं, 'गडाच्या वाटेवर सात कुंडे असून ती बारमाही पाण्याने भरलेली असतात.' अण्णांची छाती फुगली.

वडूजच्या पलीकडच्या माळावर मात्र त्यांना म्हणायला फारसं काही नव्हतं. पुस्तकात या भागाला एकच ओळ होती, 'हा प्रदेश ओसाड आहे.' मी त्यांचं डोकं वळवत गेले. कमरेएवढा शाळू. एक मेंढका, त्याच्यामागे सगळा उतार भरून मेंढरं. पाल ठोकून बसलेली बाई, चुलीवर पातेलं. उन्हात पिवळं झालेलं कुसळी गवत, दूर टेकड्यांची ओळ. "आनि मी वसाड लिवलंय," अण्णा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पुस्तक खिशातून पुन्हा काढलं नाही.

गडाच्या पायथ्याला एक म्हातारा धनगर भेटला, तो वाट दाखवायला बरोबर आला. सकाळचं कोवळं ऊन होतं. अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून चढत होते आणि थोड्या थोड्या वेळाने विचारत होते, "पयलं कुंड आलं का?"

"यायचंय अजून."

वाट कोरडी ठणठणीत होती. करवंदीच्या जाळ्या, खडक, घसरडी माती. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, जाळ्यांत वाकून बघितलं. निम्मा गड चढून झाला.

"आलं का गं?"

"जरा पुढं असेल, अण्णा."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आम्ही पडक्या दरवाज्यात उभे होतो आणि वाट संपली होती. समोर माणूस उभा आहे, त्याला काय हवंय ते ठाऊक आहे, आणि देता येत नाही. नुसते हात हलवायचे. बोलला तो धनगर.

"कसली कुंडं हुडकताय गुर्जी? हितं पानी असतं तर आमी मेंढरं खाली वड्याला नेली असती व्हय?"

"सात कुंडं हायती," अण्णा म्हणाले. "दप्तरात लिवलंय."

"कुंडं न्हाईत. कुड हुतं. पहाऱ्याचं कुड. काटक्यांचं, वर शेनमातीनं लिंपल्यालं. पहारेकरी बसायचं त्यात. सात हुतं म्हनं, आमचा आजा सांगायचा. आता कुटलं ऱ्हातंय? वाळवीनं खाल्लं."

अण्णा खाली दगडावर बसले. मोडी ज्यांनी वाचली आहे त्यांना सांगायला नको. मोडीत टिंब सहसा देत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ कुणी बघत नाही आणि शब्दही एकमेकांना चिकटलेले. कागदावर 'कुड' होतं. टिंब राहिलंय असं समजून अण्णांनी ते आपल्या पदरचं घातलं आणि काटक्यांच्या भिंतींची कुंडं केली.

"आणि बारमाही?" मी विचारलं. मला राग आला होता. त्या छडीचा राग, एवढ्या वर्षांचा. "बारमाही पाणी कुठं लिहिलं होतं?"

"कुंड म्हनल्यावर पानी आलंच न्हवं," अण्णा म्हणाले. "मीच भरलं."

मी आणखी बोलणार होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि राग कुठल्या कुठे गेला. ते बोटांवर मोजत होते, किती वर्षं, वर्षाला किती मुलं. मोजून झाल्यावर म्हणाले, "माजी नजर जायच्या आत हे खोडाय पायजे."

शिक्षणखात्यातल्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. ऐकून घेतलं आणि हसले. संस्थानच विलीन व्हायचं घाटतंय मास्तर, म्हणाले, पुढच्या वर्षी हे पुस्तकच नसणार, दुरुस्ती कशाला?

"पुढल्या सालचं जाऊ द्या," अण्णा म्हणाले. साहेबापुढे ते गावचं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकलं. "पर औंदाची पोरं?"

साहेबांनी खांदे उडवले. प्रती तुमच्या शाळेतच आहेत, हवं ते करा, म्हणाले.

अण्णांनी कपाटातल्या प्रती पोत्यात भरून घरी आणल्या, मुलांकडच्याही मागवून घेतल्या. रोज सकाळी ऊन ओट्यावर आलं की टाक, दौत आणि पट्टी घेऊन बसायचे. मी खोडते म्हटलं तर ऐकेनात. "चूक माजी हाय, हात माजा लागल." नजर दिवसेंदिवस कमी होत होती, तेव्हा त्यांनी युक्ती काढली. सत्ताविसावं पान काढायचं, खालच्या कडेपासून चार बोटं मोजायची, तिथे पट्टी ठेवायची आणि रेघ ओढायची. पहिल्या दहा-बारा प्रती मी नीट बघितल्या. अगदी त्याच ओळीवर सरळ रेघ. नंतर माझ्या शाळेची चाचणी परीक्षा आली. मी तपासायच्या पेपरांचा ढीग घेऊन आत बसायचे आणि ओट्यावरून हाक यायची, "बग गं, बरुबर खोडलंय न्हवं?"

"बरोबर आहे, अण्णा," मी आतूनच म्हणायचे. मान वर न करता.

शेवटची प्रत झाली तेव्हा त्यांनी हात धुतले आणि आईला शिरा करायला सांगितला. होळीपर्यंत नजर पूर्ण गेली. डॉक्टरांचं म्हणणं अगदी खरं ठरलं. त्याच सुमाराला राजवाड्यावरचं निशाण उतरलं. चौकात वाजंत्री होती, गर्दी होती, मी अण्णांना नेलं होतं. "उतरलं का?" त्यांनी विचारलं. उतरलं म्हटलं. नवीन चढलं का विचारलं. चढलं म्हटलं. मग घरी चल म्हणाले. जूनमध्ये शाळेत प्रांताची नवी पुस्तकं आली आणि जुनी रद्दीत गेली.

अण्णांना संध्याकाळी शेंगदाणे लागायचे. पुढच्या उन्हाळ्यात एकदा मी वाण्याकडून पुडी आणली. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. पुडी सोडून दाणे त्यांच्या ओंजळीत ओतले आणि कागद सवयीने उलगडला.

सत्ताविसावं पान. 'गडाच्या वाटेवर सात कुंडे असून ती बारमाही पाण्याने भरलेली असतात.' ओळ जशीच्या तशी होती, शाईचा ठिपकाही नाही. रेघ तिच्या खालच्या ओळीवर होती. काळीभोर, सरळ, पट्टीने ओढलेली. तरी खोडलेली अक्षरं रेघेतून स्वच्छ वाचता येत होती. 'या मुलखातील लोक कष्टाळू व सत्यवचनी आहेत.'

अशा किती झाल्या असतील? मी किती वेळा मान वर न करता बरोबर म्हटलं होतं? आता ते कुणाला दाखवणार? पुस्तक नाही, संस्थान नाही, आणि शेजारी बसलेल्या माणसाला दिसत नाही.

कागदाचा आवाज अण्णांनी ऐकला. "काय छापलंय गं पुडीवर?"

"जुना भूगोल आहे," मी म्हणाले. तोंडातून गेलं तेव्हा कळलं की जाहिरात आहे म्हणायला हवं होतं.

त्यांचा हात थांबला. "आपला?"

"आपला."

"कुटलं पान?"

"गडाचं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मी त्यांचं डोकं ज्या हातांनी वळवत असे, त्याच हातांत तो कागद होता.

"खोडलंय न्हवं?"

"खोडलंय," मी म्हणाले.

"मग बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि ओंजळीतले निम्मे दाणे चाचपडत माझ्या हातात घातले.